तळव्यावरची टिचकी

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या गावात सगळ्यांच्या चालण्यात घाई येते. विळ्यांना धार लावली जाते, खळं सारवलं जातं, मुंबईच्या मंडळींना रजा काढा म्हणून फोन जातात. मी शाळा सुटल्यावर एसटीतून उतरते, बांधावरून घराकडे चालायला लागते आणि तो वास येतो. पिकलेल्या भाताचा, उन्हाने कोमट झालेला, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. लोक या वासावर खूश होतात. माझ्या मात्र कानात आधी बुडबुडे वाजायला लागतात. इतकी वर्षं झाली, तरी हे काही जात नाही.

सई आमची आता चौथीत आहे. दिवसभर तिचं तोंड बंद नसतं. पण ती आली तेव्हा तिला धड रडताही आलं नव्हतं. ऐन कापणीच्या तोंडावर, आठवा महिना लागतो न लागतो तोच, कुणी मागे लागल्यासारखी आली. फुफ्फुसं अजून कच्ची आहेत, असं डॉक्टर म्हणाले. महाडच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात एका काचेच्या खोलीत तिला ठेवलं. तिच्या नाकात दोन बारीक नळ्या होत्या आणि शेजारी पाण्याची बाटली. नळीतली हवा त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडायची, आणि त्या दाबाने मिटू पाहणारी फुफ्फुसं उघडी राहायची. दुकानातल्या माशांच्या पेटीत वाजतं ना, तसा आवाज. तो चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच मला समजलं होतं. म्हणून मी काचेला कान लावून उभी राहायचे. पोटाचे टाके ओढायचे, पण बसले तर आवाज ऐकू यायचा नाही.

काचेच्या अलीकडे आईला काही काम नसतं. दूध काढून वाटीत द्यायचं, आणि मग पुन्हा उभं राहायचं. ते दूध सिस्टर घेऊन जायच्या आणि नळीतून थेंब थेंब सोडायच्या. माझं मूल, माझं दूध, आणि मध्ये काच. त्या काचेचा मला इतका राग यायचा की तिच्यावर पडलेले माझ्या कपाळाचे तेलकट डाग मी मुद्दाम पुसत नसे. बाहेरच्या बाकांवर कापणी टाकून आलेली माणसं असायची. कुणाच्या केसांत पेंढ्याचं कुसळ, कुणाच्या पायांना खाचरातली वाळलेली माती. मधूनच एखादा उठून पावसाचं काय वातावरण आहे ते खिडकीतून बघून यायचा, आणि परत बसायचा.

मग एक दिवस डॉक्टरांनी आम्हा सगळ्या आईबापांना जिन्यापाशी बोलावलं. तरुण होते, महाडचेच, आणि गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आजपासून तुम्ही आत यायचं," ते म्हणाले. "बाळ छातीशी घेऊन बसायचं, उघड्या छातीशी. आई, बाप, आजी, जे कोणी असेल ते, पाळीपाळीने. माझ्याकडे सिस्टर कमी आहेत आणि बाळांना ऊब लागते. तुमचे हात मला हवे आहेत." मला वाटलं होतं, कधीतरी आम्हाला आत सोडतील तेव्हा दया येऊन सोडतील. हात कमी पडतात म्हणून सोडलं, याचंच मला जास्त बरं वाटलं. निदान कुणाला तरी माझा उपयोग होता.

आत जायचं म्हणजे कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. नखं कापायची, अंगठ्या काढायच्या, बांगड्या काढायच्या. माझ्या निघाल्या. सासूबाईंच्या निघेनात. आई म्हणते मी त्यांना. तेव्हा सासरे होते, आणि आईंच्या हातांत लग्नापासून हिरव्या बांगड्या. जुन्या झाल्या की नव्या भरायच्या, पण हात रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. लावणी आणि झोडणी करून मनगटं जाड झालेली, साबण लावूनही काच सरकेना. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या आजी, तुम्ही बाहेरच बसा." आई उठल्या. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि दगडाने एकेक बांगडी वाढवली. परत आल्या तेव्हा मनगटावर एक बारीक लाल ओरखडा होता, आणि तो हात त्यांनी पदराखाली धरला होता. "चला, दावा कसं घ्यायचं ते," एवढंच म्हणाल्या. हे मी कधी विसरत नाही. पुढचं आठवताना तर मुळीच विसरत नाही.

नाकातल्या नळ्या निघाल्यावर सईला शेजारच्या खोलीत आणलं. तिथे चार बाळं आणि चार खुर्च्या होत्या. पायाला चिमटा लावून श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र एकच, ते ज्या बाळाला जास्त गरज त्याच्याकडे जायचं. "यंत्र नसेल तेव्हा तुम्ही यंत्र," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. झोप गाढ लागली की डोक्याकडून निरोपच जात नाही, छाती हलायची थांबते. अशा वेळी घाबरायचं नाही, तळव्यावर टिचकी मारायची. बाळ दचकतं, आणि त्याला आठवतं.

विसरतात? मी बाई शाळेत शिकवते. गृहपाठ विसरणारी, डबा विसरणारी, एका पायात चप्पल घालून येणारी मुलं मी पाहिली आहेत. श्वास विसरणारं मूल माझ्या कल्पनेत बसेना. डॉक्टरांनी स्वतः करून दाखवलं. सईचा पाय माझ्या अंगठ्याएवढा. त्यांनी तर्जनी अंगठ्याला अडकवली आणि सोडली. टक्. तिने चेहरा वाकडा केला आणि हात उडवले. मला त्यांचा हात धरावासा वाटला.

श्वास विसरू नये म्हणून औषधही होतं, कॉफीत असतं त्याच जातीचं. हे आईंना समजावून सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "आमच्याकडं पोरांना चा पण देत नाय लवकर. ही बघ, आल्या आल्या कॉफी पितेय. मुंबईच्या आत्यावर गेली." त्या खोलीत हसल्याची माझी आठवण एवढी एकच आहे.

महेश, म्हणजे सईचे बाबा, सकाळी कापणीवर आणि दुपारी दवाखान्यात असायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर शर्टाची बटणं काढताना कानापर्यंत लाल झाले. आमच्याकडे पुरुषांनी दहा दिवस बाळाला हातही न लावण्याची रीत, आणि हे तर बाळ छातीवर बांधून बसलेले. आधी दोन्ही हात हवेत धरून होते, टेकवायचे कुठे ते समजेना. मग हळूहळू एक हात तिच्या पाठीवर आला. बराच वेळ गेला, आणि ते तिच्याशी बोलायला लागले. त्यांना बाळाशी दुसरं काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून शेतातलं सांगू लागले. "आज खालचं खाचर झालं. वरचं अजून हिरवं हाय, चार दिवस लागतील. डुकरांनी कोपऱ्यातलं थोडं लोळवलंय. आण्णा, तुझे आजोबा, म्हणतात, यंदा दाणा भरलाय." बोलता बोलता थांबायचे, तिच्या पाठीकडे बघायचे. पाठ हलली नाही की टिचकी. मग पुन्हा, "भारे अजून उचलायचेत."

मला मात्र ती टिचकी शेवटपर्यंत सवयीची झाली नाही. मूल जन्मल्यापासून बाईला सगळे एकच शिकवतात, त्याला झोपव. हळू बोला, दार आपटू नका, बाळ झोपलंय. माझ्या मांडीवर ती इतकी छान झोपायची, मूठ गालाखाली, तोंड अर्धवट उघडं, की बघत राहावंसं वाटे. आणि नेमकं तेव्हाच घाबरायचं. शांत झाली की जीव वर. रडायला लागली की आम्ही सगळे आनंदी. असल्या उलट्या जगात मी कधी राहिले नव्हते. दुपारच्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली तिच्या अंगावर पडायची आणि माझ्या डोळ्यांना ती सावली हलल्यासारखी वाटायची. छाती हलली की सावली, ते नक्की सांगता यायचं नाही. म्हणून मी ती जागी असली तरी टिचकी मारायचे. ती रडायची आणि मीही रडायचे.

त्या दिवशी आभाळ कशेडी घाटाच्या बाजूने काळं होत आलं. परतीचा पाऊस. कापलेलं भात खाचरात आडवं, भिजलं तर जागच्या जागी कोंब फुटणार. महेशना घरून फोन आला आणि ते गेले. तेवढ्यात माझे टाके बघायला मला खालच्या मजल्यावर बोलावलं. आई म्हणाल्या, "तू जा गो बिनधास्त. मी हाय ना." मी सईला त्यांच्या छातीशी दिलं, वरून चादर गुंडाळली आणि टिचकीची पुन्हा आठवण केली. त्यांनी मान हलवली. चार पोरं वाढवलेली बाई. त्यांच्या हातात देताना मला पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं होतं.

खाली वेळ लागला. पाऊस पत्र्यावर जोरात वाजायला लागला. मी जिना चढून वर आले तेव्हा खोलीतल्या सिस्टर दुसऱ्या बाळाला दूध देत होत्या, त्यांची पाठ आमच्या खुर्चीकडे होती. आई जराही न हलता बसलेल्या. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की सगळं घर सांभाळल्याचं समाधान त्यात होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. श्श. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कशी निजलीय बघ. हात नाय लावला मी. पाय बधिर झाला माझा, तरी मी हलली नाय."

मी चादर बाजूला केली. सईचे ओठ जांभळे होते.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सिस्टरने तिला उचललं, तळव्यावर मारलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क ठेवून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. डॉक्टर धावत आले. पावसाच्या आवाजात कुणाचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. आणि मी भिंतीला टेकून उभी होते, हात मोकळे. धुतलेले, कोपरापर्यंत धुतलेले हात, आणि त्यांनी करण्यासारखं काहीच नव्हतं. मग एक बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज आला. सई रडली. तिला पुन्हा काचेच्या खोलीत नेलं, नाकात नळ्या गेल्या, बाटलीत पुन्हा बुडबुडे सुरू झाले. मी पुन्हा काचेला कान लावला.

आई त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. बधिर झालेला पाय तसाच पुढे पसरलेला. पदर छातीवरून घ्यायचंही त्यांना सुचेना. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "पोर निजलं की हात लावू नये गो. माझ्या आईनं तसंच शिकवलं. तिच्या आईनं तिला." मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं व्हतं. मला ऐकू पण आलं व्हतं. पण ती इतकी निवांत निजली व्हती. माझा हातच उचलला नाय." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. घसा तयार होता. पण समोर ते रिकामं मनगट होतं, आणि त्याच्यावरचा ओरखडा अजून भरलेला नव्हता. कुणावर ओरडू? जिने बांगड्या फोडल्या तिच्यावर, की तिच्या आईवर, की तिच्या आईच्या आईवर? मी त्यांचा पदर सारखा केला, आणि त्यांच्या शेजारी खाली बसले.

सई वाचली. दिवाळी दवाखान्यातच गेली, आणि झोडणी संपता संपता आम्ही तिला घरी आणलं. अंगणात तुसाची धूळ उडत होती म्हणून डोक्यावरून कपडा घेऊन, पळत घरात शिरलो. नवा भात शिजत होता. आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण बाळ घ्यायला हात पुढे केले नाहीत. कुणी दिलं तरी म्हणायच्या, "नको. माझ्याकडं नको." लांब उंबऱ्यावर बसून बघत राहायच्या.

आणि मग दुसरंच सुरू झालं. ज्या बाईने जन्मात झोपलेल्या पोराला हात लावला नाही, ती कुणाला झोपू देईना. सईचा डोळा लागला की आई येणार, आणि टक्. सई किंचाळून उठायची. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही, ती आता विसरत नाही. आईंनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा टक्. सई रांगायला लागली, चालायला लागली, बालवाडीत गेली, तरी दुपारी झोपली की आजीचं बोट तळव्यावर. तीही हुशार, पाय पोटाशी घेऊन, गोधडीत गुंडाळून झोपायला शिकली. महेश कापणीवरून येऊन जरा आडवे झाले की त्यांच्याही पायावर टिचकी. "अगं, मी चाळीशीला आलो," ते म्हणायचे. सासरे तर चिडून ओटीवर झोपायला जायचे. आम्ही चेष्टा करायचो, घरात दुपारची झोप म्हणजे चोरीचा माल झाला म्हणून. आईही हसायच्या. पण बोट थांबायचं नाही. हसता हसताच मला कधी कधी एकदम भरून यायचं, आणि मी काहीतरी निमित्त काढून चुलीकडे जायचे. त्यांना मी काय सांगणार होते? झालं गेलं विसरा म्हणून? मी तरी कुठे विसरले होते.

सासरे गेले तेव्हा आईंनी हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी तर आधीच वाढवल्या व्हत्या." त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

यंदा दाणा चांगला भरला आहे. आज सकाळपासून खालच्या खाचरात कापणी चालू आहे. आई पडवीतल्या खाटेवर आहेत. हृदय थकलंय, असं महाडला सांगितलं, घरी न्या म्हणाले, जपा म्हणाले. जपा म्हणजे काय करा, ते सांगितलं नाही. मी शाळेतून रजा घेतली आहे. त्यांचं डोकं वाऱ्याकडे केलं आहे, उशा उंच केल्या आहेत. वास त्यांच्यापर्यंत येतो. मघाशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "वरचं अजून कापू नका. जरा हिरवं हाय."

त्यांचा श्वास आता विचित्र झाला आहे. हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होतो, मग थांबतो. छाती हलत नाही. खाचरातून बायकांचं बोलणं ऐकू येतं, विळ्यांचा खसखस आवाज येतो, आणि खाटेवर काहीच नाही. मग एकदम, खूप लांबून आल्यासारखा, पुढचा श्वास येतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला विचार करावा लागला नाही. माझा हात आपोआप त्यांच्या पायाकडे गेला. रोज वाकून नमस्कार करते तो पाय. भेगांत मातीचा रंग बसलेला, तळवा लाकडासारखा. मी टिचकी मारली. श्वास आला.

त्यांनी डोळे उघडले. थोडं हसल्या. "कळतंय मला," त्या म्हणाल्या. "मला नको गो मारूस. मी काय सई हाय?" आणि पुन्हा झोपी गेल्या. तरी मी नंतर दोनदा मारली. दोन्ही वेळा श्वास आला, आणि टिचकीने आला की येणारच होता म्हणून आला, ते मला सांगता येणार नाही. त्या खोलीत निदान डॉक्टर होते, सिस्टर होत्या. थांबला तर टिचकी मारा, असं ठामपणे सांगणारं कुणीतरी होतं. इथे कुणी नाही. उठवलं तर ती जपणूक की छळ, झोपू दिलं तर ती माया की तीच जुनी चूक, कुणाला विचारू? माझ्यासमोर त्या पडल्या आहेत, आणि मला पुन्हा काचेच्या अलीकडे उभं केल्यासारखं झालं आहे.

आता श्वास पुन्हा थांबला आहे. या वेळी जरा जास्तच लांबला. मी खाली वाकले आणि बोट अंगठ्याला अडकवलं. तेवढ्यात शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन सई पायऱ्या चढून आली. तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या बोटाकडे. आयुष्यभर जिची झोपमोड झाली, ती पोर. तिने ओठांवर बोट ठेवलं. श्श.

"झोपू दे ना गं आई तिला," ती हळूच म्हणाली. "बघ कशी शांत झोपलीय."

मी टिचकी मारली नाही. बोटही मागे घेतलं नाही.